धूर नव्हता

माझे वडील सिंदीच्या रेल्वे स्टेशनाबाहेर भाड्याची व्हॅन चालवायचे. उतरलेल्या माणसांना आजूबाजूच्या खेड्यांत पोचवायचं, खेड्यांतल्यांना स्टेशनावर आणायचं, लग्नसराईत वऱ्हाड न्यायचं, एवढं त्यांचं जग. सायलेन्सर ही वस्तू गाडीचा आवाज दाबायला असते, असं ते मानत. मीही कॉलेजात जाईपर्यंत तेच मानत होते, आमच्याकडे सगळेच मानत. त्यामुळे सायलेन्सर गंजून त्याला भोकं पडली तरी नवा कोणी बसवत नसे. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापायचा, भोकावर गुंडाळायचा आणि तारेने आवळायचा. फारच फडफड करायला लागला तर मिस्त्रीकडे जाऊन वेल्डिंगचे दोन टाके मारून घ्यायचे. आवाज दबला की गाडी ठणठणीत. आमच्या व्हॅनला असा पत्रा मी शाळेत असल्यापासून होता. बाबांनी तो स्वतःच्या हाताने बसवला होता आणि त्याचं त्यांना कौतुकही होतं.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक होतं आणि संक्रांत तोंडावर आली होती. बाबांची मोठी बहीण समुद्रपूरकडच्या एका खेड्यात दिलेली होती. माझी आजी लवकर गेली, म्हणून या बहिणीनेच बाबांना लहानाचं मोठं केलं. बाबा तिला बाई म्हणत, मी आत्याबाई. तिच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून अधू होती. चार पावलं भरभर चालली की तिला धाप लागायची, ओठ निळसर पडायचे, आणि तरी घरातलं एकही काम ती दुसऱ्याला करू द्यायची नाही. तिच्याकडे कापसाची शेती. दरवर्षी पहिल्या वेच्यातला थोडा कापूस ती बाजूला काढायची, पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायची आणि त्याची एक गादी भरून भावाच्या घरी पाठवायची. आमच्या घरात माणसं तीन आणि गाद्या सात झाल्या होत्या. आई म्हणायची, "आता बाईले म्हणा, झोपाले माणसं बी पाठवा."

त्या वर्षी गादीसोबत आत्याबाई स्वतःही यायला निघाली. चार दिवस माहेरपण करायचं तिच्या मनात होतं. तिची मुलगी तेव्हा अकरा-बारा वर्षांची, तिची शाळा होती म्हणून ती तिच्या आजीजवळ घरीच राहिली. बाबा आणि मी तिला आणायला गेलो.

बाबांनी व्हॅनची मागची सीट काढून ठेवली होती. गादी दुमडून आत घातली तरी तिचं टोक बाहेर राहिलं आणि मागचं दार काही लागेना. मग बाबांनी ते दोरीने बांधलं. हातभर फट उरली. बसून प्रवास केला की आत्याबाईला धाप लागायची, म्हणून ती सरळ त्या गादीवर आडवी झाली. "माही गादी, पयले मीच झोपीन," म्हणाली आणि हसली. दुपार कलत आली होती, वारा बोचत होता, म्हणून आम्ही काचा लावून घेतल्या. बाबांची तेवढी उघडी राहिली, कारण बाबांना तंबाखू-सुपारीचा खर्रा लागायचा आणि खर्रा खाणाऱ्याला थुंकायला खिडकी लागते. मी त्यांच्या शेजारी पुढे बसले होते.

अर्ध्या रस्त्यात मागून तिचा आवाज आला, "पोरी, मले लई झोप येऊन राह्यली व."

मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, "झोपा न आत्याबाई. घर आलं की उठवते."

माझं स्वतःचं डोकं तेव्हा ठणकत होतं आणि मळमळत होतं. गाडी लागली असं मला वाटलं. ड्रायव्हरच्या पोरीला गाडी लागली हे कबूल करायची लाज वाटली, म्हणून मी दात दाबून बसले. घर आल्यावर आधी मोरीत जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि मग तिला उठवायला गेले. ती उठली नाही.

गल्लीतले डॉक्टर तसेच धावत आले. नाडी पाहिली, पापण्या वर करून पाहिल्या. तिच्या झडपेची कथा त्यांना माहीत होती. हृदय थांबलं, म्हणाले. त्यात शंका घेण्यासारखं कोणालाच काही वाटलं नाही.

तिला तिच्या गावी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. ती नवऱ्याच्या आधी गेली होती, सवाष्ण गेली होती, आणि असं मरण आमच्याकडे भाग्याचं समजतात. तिच्या चेहऱ्यावर गुलाबी झाक होती. गालांवर, ओठांवर, अगदी नखांवरही. जिचे ओठ आम्ही जन्मभर निळसर पाहिले, ती बाई गेल्यावर अशी टवटवीत दिसत होती की मला वाटलं, आता डोळे उघडेल आणि चहा मागेल. एक म्हातारी म्हणाली, "पहा व, कसं तेज आलं. अहेव गेली न." सगळ्या बायका तिच्या पाया पडल्या. मीही पडले, आणि मला बरं वाटलं, ते काही लपवत नाही.

अंगणात बाबा भिंतीला टेकून बसले होते. आत्याबाईचे यजमान त्यांच्यासमोर येऊन उकिडवे बसले.

"भाऊ, गाडीत धूर-गिर तं नव्हता न? तिले धूर सोसत नव्हता."

"धूर नव्हता, भाऊजी," बाबा म्हणाले. "पोरगी होती न सोबत. इचारा तिले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. धूर खरंच नव्हता. त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठून गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

काढला तो बाबांनीच. पुढची नऊ वर्षं कोणीही आत्याबाईचं नाव काढलं की बाबा सगळी हकीकत सांगत आणि शेवटी म्हणत, "धूर नव्हता." तेराव्याला म्हणाले, वर्षश्राद्धाला म्हणाले. कधी कधी कोणी काही विचारलेलं नसतानाही म्हणत. गाडी धुताना, जेवता जेवता, भिंतीकडे बघून. आई पुटपुटायची, "माहीत हाय सगळ्यायले." मला तेव्हा वाटायचं, की बहिणीची आठवण काढायची ही त्यांची पद्धत आहे. त्या दोन शब्दांवर माणूस उभा आहे हे कळायचं माझं वय नव्हतं.

ते वय आलं वर्ध्याला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एका दुपारी सर ज्वलन शिकवत होते. पेट्रोल पुरतं जळलं नाही की एक वायू तयार होतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग अनावर झोप येते, आणि माणूस त्या झोपेतच जातो. हृदय अधू असलेला माणूस आधी जातो. अशा माणसाची कातडी मेल्यावर गुलाबी दिसते, असं सर म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. मी वहीत "गुलाबी" एवढा शब्द लिहिला. त्या दिवशीच्या पानावर पुढे काहीच नाही.

बाकीचं माझं मीच जुळवलं, त्याला कॉलेज लागलं नाही. फुफाट्याच्या रस्त्यावर मागचं दार उघडं टाकून गाडी हाकली की धूळ मागूनच आत येते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. दोरीने बांधलेल्या दाराची हातभर फट, खाली पत्रा गुंडाळलेला सायलेन्सर, वर लावलेल्या काचा. बाबा वाचले ते खर्ऱ्यामुळे, मी वाचले ते बाबांच्या खिडकीजवळ बसल्यामुळे. आणि तिने मला हाक मारून सांगितलं होतं, की झोप येते आहे. मी तिला झोपा म्हणाले होते.

मी बाबांना सांगितलं नाही.

पुष्कळ कारणं होती आणि सगळी मला तेव्हा थोर वाटत. खात्री कुठे आहे, झडप तर अधू होतीच की. आता सांगून काय ती परत येणार आहे? आणि बाबा मोडून पडतील, हे तर मला दिसतच होतं. धूर नव्हता, हे त्यांचं एकमेव औषध होतं, आणि ते मी त्यांच्या हातून कशी काढून घेणार? मी मनातल्या मनात स्वतःला मोठी समजूतदार मुलगी ठरवून टाकलं. समजूतदारपणाचं एक बरं असतं, त्यात काही करावं लागत नाही.

मात्र सायलेन्सरच्या मागे मी लागले. खरं कारण सांगता येत नव्हतं म्हणून खोटं सांगायची. आवाज किती होतो बाबा, मैत्रिणी हसतात, स्टेशनावरून निघालात की घरात कळतं. बाबा म्हणायचे, "मंग बरं हाय न, तुही माय चहा ठेवते." आणखी एक टाका मारून आणायचे. मी गाडीत असले की भर थंडीत काचा सरकवून बसायची. मागच्या म्हाताऱ्या अंगावरचं लुगडं घट्ट ओढत मला शिव्या घालायच्या. संध्याकाळी बाबांनी गाडी दारात लावली की मी काहीतरी निमित्त काढून मागची सीट बघून यायची. रिकामी असायची. रिकामीच असणार, पण बघितल्याशिवाय मी जेवायला बसत नसे.

पुढे मी गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले. वर्गात कोणी जांभई दिली, बाकावर डोकं टेकलं, की मी त्या पोराला उभं करून झाडायची. बाई फार खडूस आहेत अशी माझी ख्याती झाली. खडूस मी होतेच, ते काही खोटं नाही. पण कोणी झोपलं की माझ्या कानात तो आवाज येई, लई झोप येऊन राह्यली व, आणि मला त्या पोराचा राग यायचा. मी माझ्यावर रागावण्याऐवजी पोरांवर रागावत होते, दुसरं काय.

मधल्या काळात आत्याबाईची मुलगी मोठी झाली. तिचं लग्न होऊन ती देवळीला गेली आणि एका जानेवारीत निरोप आला, की तिला सातवा लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. आई नाही, तेव्हा माहेर म्हणजे मामाचं घर, हे बाबांनी कोणाला विचारून ठरवलं नव्हतं. ते तिच्या आईच्या चितेसमोरच ठरलं असावं. बाबांचा उत्साह काय सांगू. घराला चुना काढला, खिडकीला नवं पडद्याचं कापड आणलं, आणि एका दुपारी घरी येऊन म्हणाले, "नवा सायलेन्सर टाकून राह्यलो. पोटुशी पोर हाय, फडफडीनं दचकंल." ज्यासाठी मी चार वर्षं डोकं फोडलं ते त्या न जन्मलेल्या बाळाने एका दिवसात करून दाखवलं. मी देवाला हात जोडले. मला वाटलं, सुटले.

मिस्त्रीने संध्याकाळी तो बसवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळीला निघायचं होतं. थंडी चांगलीच पडली होती. बाबांनी अंघोळ केली, नव्या सायलेन्सरला हळद-कुंकू लावलं, गाडीला हार घातला आणि चालू केली. आई आणि मी ओट्यावर उभ्या होतो.

गाडीच्या खालून निळसर धूर उठला. तेल जळाल्याचा, रंग करपल्याचा वास अंगणभर झाला. मागच्या नळीतून पांढऱ्या वाफेचा लोट निघायला लागला आणि नळीच्या तोंडातून थेंब थेंब पाणी जमिनीवर पडू लागलं.

बाबांनी गाडी बंद केली. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. इतका धूर त्यांनी आपल्या गाडीखाली कधी पाहिला नव्हता.

"इंजनात पाणी शिरलं," ते म्हणाले. "आन् हा धूर पाहून राह्यली तू? मी नाई नेत तिले या गाडीत. बसनं आणतो."

"सात महिन्याची पोटुशी पोर एस्टीत धक्के खात येईन काय?" आई म्हणाली.

"मंग नाई आणत." बाबा ओट्यावर बसले. "एकीले आणलं होतं न."

एवढं उघड ते कधी बोलले नव्हते. तरी मला त्या क्षणी फार आनंद झाला, कारण इथे मी त्यांना मदत करू शकत होते. हा धूर निरुपद्रवी आहे, हे मला माहीत होतं. अख्ख्या गल्लीत हे समजावून सांगू शकणारी मी एकटीच होते.

"बाबा, उठा," मी म्हणाले. "इंजनात काई शिरलं नाई. चालू करा, मी दाखवते."

मी त्यांना गाडी परत चालू करायला लावली. खाली वाकून दाखवलं, की निळा धूर नळीतून नाही, सायलेन्सरच्या अंगावरून निघतो आहे. कारखान्यातून येताना त्याला गंज चढू नये म्हणून तेल लावलेलं असतं, वर काळा रंग असतो. आणि त्यावर तुम्ही हळद-कुंकू कालवून लावलंत, तेही तुपात. पहिल्यांदा तापला की ते सगळं जळणारच. नवीन तवा चुलीवर ठेवला की आई काय करते? जळू देते, धूर संपला की भाकर टाकते.

आई म्हणाली, "खरं हाय."

मग मी घरातून स्टीलची थंडगार ताटली आणली आणि नळीच्या तोंडासमोर धरली. ताटलीवर दव धरलं, थेंब झाले, ओघळले. वर्गात करते तसं सगळं केलं. पेट्रोल जळलं की त्यातून पाणी तयार होतं, रोज होतं, प्रत्येक गाडीत होतं. वाफ होऊन निघून जातं म्हणून दिसत नाही. आज हवा थंड, नवी नळी थंड, म्हणून वाफेचं पाणी झालं. पांढरा लोटही तोच, आपल्या तोंडातून थंडीत वाफ निघते ना, ती. अर्धा तास चालू ठेवा, नळी तापली की धूरही बंद, पाणीही बंद.

आम्ही अर्धा तास तिथेच बसलो. आईने चहा केला. हळूहळू वास विरला. थेंब लांब लांब पडायला लागले, मग थांबले. वाफ विरळ होत होत दिसेनाशी झाली. बाबांनी तीन वेळा वाकून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मला शाबासकी देत म्हणाले, "मास्तरीण झाली खरी. म्हंजे आता काईच नाई निघून राह्यलं न?"

"निघतं की," मी म्हणाले. "आता दिसत नाई एवढंच. दिसत नाई म्हंजे निघत नाई असं नसते, बाबा."

वर्गात पोरगं चुकलं की मी अशीच दुरुस्ती करते, जीभ आपोआप वळते. वाक्य पुरं झालं आणि मला ते ऐकू आलं.

बाबांचं हसू जागच्या जागी राहिलं. ते गाडीकडे पाहत होते.

"जे दिसत नाई, ते काय करते?"

"काई नाई. हवेत मिसळून जाते."

"आन् हवा नसंल तं? काचा लावल्या असल्या तं?"

आई माझ्याकडे पाहायला लागली. मला खोटं बोलता आलं असतं, दहा खोटी उत्तरं मला पाठ होती. पण बाबा माझ्याकडे इतक्या सरळ पाहत होते की एकही आठवेना.

"डोकं दुखते," मी म्हणाले.

"अजून?"

"मळमळते."

"तू ओकली होती त्या दिवशी. मोरीत. मी आवाज ऐकला होता. आन् झोप येते. येते न?"

मी मान हलवली. तशीच, जशी आत्याबाईच्या अंगणात हलवली होती. बाबांनी हातातली कपबशी ओट्यावर ठेवली, गाडी बंद केली आणि बोनेटवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. रडले नाहीत. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर तो त्यांनी हळूच बाजूला केला. मग म्हणाले, "चाल. पोरगी वाट पाहत असंल."

देवळीपर्यंत सगळ्या काचा उघड्या होत्या. बाबा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, आता हे असंच गिळून टाकतील, तिला काही कळू देणार नाहीत, आणि घरात आम्ही तिघं जण गप्प राहून पुढचं आयुष्य काढू. मी तर त्यात तरबेज होते.

बाबांची भाची तयार होऊन अंगणात खुर्चीवर बसली होती. ओटी भरलेली, पायाशी पिशवी. सासूने चहा आणला. बाबांनी चहा घेतला नाही. उभ्यानेच म्हणाले, "पोरी, गाडीत बसाच्या आधी तुले एक सांगाचं हाय." आणि त्यांनी सांगितलं. दोरी, फट, पत्रा, काचा, आणि जे दिसत नाही ते. आपला खर्रासुद्धा सोडला नाही. "तुही माय झडपेनं गेली का माह्या गाडीनं, मले माहीत नाई. माह्या मताने गाडीनं गेली. मी तुह्या बाबाले सांगितलं होतं का धूर नव्हता. ते खरं होतं, पण ते काई कामाचं नव्हतं."

तिची सासू चहाचा ट्रे हातात धरून तशीच उभी होती. भाचीचा हात पोटावर होता.

"मामा, हे मले आता काऊन सांगून राह्यले?"

"तू बसणार हायेस न या गाडीत. तुले माहीत पाह्यजे. आज नवा सायलेन्सर टाकला हाय, काचा उघड्या ठेवतो. तरी बी नाई म्हणशील तं एस्टीनं नेतो. नाई तं इथंच राह्यजो, मी काई म्हणणार नाई."

तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते ती पुसत नव्हती. मग खुर्चीच्या हाताला धरून उठली, पिशवी बाबांच्या हातात दिली आणि जाऊन पुढच्या सीटवर, बाबांच्या शेजारी बसली. मी मागे बसले. जिथे त्या दिवशी गादी होती तिथे.

वर्धा येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. वर्ध्याला बाबांनी गाडी थांबवून तिला नारळपाणी दिलं. ते पिऊन ती म्हणाली, "मामा, तुमी बी प्या." सेलू मागे पडलं तेव्हा तिचं डोकं बाबांच्या खांद्यावर टेकलेलं होतं. ती जागी होती. बाबा दर थोड्या वेळाने विचारत, "झोप तं नाई न येत?" आणि ती म्हणायची, "नाई मामा." मागे गार वाऱ्यात कुडकुडत मी ते दोघं बघत होते आणि मला वाटत होतं, की झालं, सगळं संपलं, आपण उगाच घाबरत होतो. सत्य सांगितलं आणि माणूस मोडला नाही. उलट त्यांचे खांदे मला सैल वाटले.

मग आरशात न बघता बाबांनी विचारलं, "तुले हे केव्हापासून मालूम होतं?"

"कॉलेजात होती तेव्हापासून."

"म्हंजे चार वर्सं."

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमाले लई तरास झाला असता, बाबा." हे वाक्य मी चार वर्षं तयार ठेवलं होतं आणि ते मोठ्याने म्हणताना मला आतून अजूनही थोडा अभिमान वाटला.

बाबांनी आवाज चढवला नाही, गाडीचा वेगही बदलला नाही.

"चार वर्सं मी रोज या गाडीत माणसं बसवत होतो," ते म्हणाले. "लेकरं घेतलेल्या बाया. म्हाताऱ्या. थंडीत काचा लावून. तोच पत्रा होता खाली."

"मी काचा उघडत होती न," मी म्हणाले.

भाची मागे वळली. देवळी सोडल्यापासून तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तू रोज होती काय गाडीत?" बाबांनी विचारलं.

मी नव्हते. त्या वेळी मी शाळेत असायची, पोरांना ज्वलनाचा धडा शिकवत.